जस्ताच्या कांड्या कोण खातं?

"माह्या बापानं चोरी नाही केली, शरयू!" वैजनाथचे डोळे भरून आले होते.

नव्या महाराष्ट्राची ती दुसरी की तिसरी दिवाळी. सुट्टीत शरयू चिखलीहून मामाकडे आली होती. मामा, म्हणजे भगवंतराव, गावचे पोस्टमास्तर; पोस्ट त्यांच्या घराला लागूनच. तारयंत्राला वीज पुरवणाऱ्या काचेच्या बरण्या त्यांच्या ताब्यात. बरणीत नवसागराचं पाणी, पाण्यात जस्ताची जाड कांडी. पण हल्ली नवी कांडी बघता बघता काडीसारखी व्हायची! मामांचं म्हणणं, वैजनाथचे वडील, बरण्यांची देखभाल करणारे तारवाले उकंडराव, नव्या कांड्या विकतात आणि झिजलेल्या बसवतात. आज संध्याकाळी चौकशीला तारखात्याचे साहेब येणार आणि उकंडरावांची नोकरी जाणार!

खरं तर शंका शरयूलाही आली होती. म्हणून आल्या आल्याच तिनं नव्या कांड्यांच्या वरच्या टोकांवर खिळ्यानं गुपचूप फुल्या मारल्या होत्या.

"चल, बघूच!"

उकंडरावांनी बरण्यांची खोली उघडून दिली. शरयूनं कांडी उचलली. खालून पार झिजलेली, पण वर फुली तश्शीच!

"म्हंजे बदललीच नाही! मंग जस्त गेलं कुठी?"

"पाण्यात विरघळलं. वीज ओढली की जस्त खर्च होतं. पण तारा येतात किती? दुसरंच कुणीतरी वीज पितंय!"

बोलता बोलता ती थबकली. गावात वीज नाही, तरी मामांच्या देव्हाऱ्यात यंदा लाल दिवा लागत होता! "खामगावहून आणलेल्या सेलवर चालतो, मागे हात घालायचा नाही," असा मामांचा दम.  सख्ख्या मामावर संशय?

"वैजू, आरती सुरू झाली की बरणीतली कांडी उचल. संपली की परत सोड."

संध्याकाळी साहेब आरतीला बसले. पहिल्याच ओळीला दिवा गेला!

"अगंबाई, देवाचा दिवा गेला!" पुष्पामामी ओरडल्या.

"साहेब, आरती संपली की येईल बघा," शरयू म्हणाली.

आणि आला! साहेबांनी देव्हाऱ्यामागे हात घातला. वायर थेट बरण्यांच्या खोलीत जात होती.

"एवढासा दिवा... त्याला जस्त कितीसं लागणार, असं वाटलं," मामा पुटपुटले.

मामींनी दिवा उपटला. "दुसऱ्याची चूल विझवून देवापुढं उजेड?"

"शाबास पोरांनो! चौकशीला मी आलो, केली तुम्ही!" साहेबांनी शरयूची आणि धावत आलेल्या वैजूची पाठ थोपटली.

मामांनी दारात उभ्या उकंडरावांपुढे हात जोडले. उकंडराव हलले नाहीत.

"मास्तर, मले चोर म्हटलं तवा चारचौघं होते. आताबी चारचौघांतच बोला."

मामा ओट्यावर गेले आणि आरतीला जमलेल्या गावासमोर मोठ्यानं म्हणाले, "उकंडराव चोर नाहीत. चोरी माझ्या घरात होत होती!"