न फाटणारी जर्सी

"ताई, बारा जर्सी आहेत. शनिवारपर्यंत शिवून मिळतील का?"

त्याने पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा मी आधीच चिडलेली होते. लिंबायतच्या आमच्या गल्लीत सकाळपासून रिक्षांचे हॉर्न चालू होते, एका बाईने ब्लाउजची बाही तिसऱ्यांदा परत आणली होती, आणि आता हा... उंच, कानाजवळ पांढरे केस, शर्टावर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या तेलाचा डाग. माझ्यापेक्षा चार वर्षांनी तरी मोठा, आणि मला ताई म्हणतो!

मी पिशवी उलटी केली. कबड्डीच्या जर्सी होत्या. अकरा जर्सींच्या चिंध्या व्हायच्याच बाकी होत्या. कुणाचा खांदा उसवलेला, कुणाची बगल फाटलेली. बारावी मात्र घडी घातलेली, इस्त्री केलेली.

"हिला काय शिवू? ही तर नवी आहे."

"नवी नाही. तीन वर्षांची आहे." तो हसला. "ती माझी. ती फाटत नाही."

"का? कापड वेगळं आहे?"

"नाही... मी मैदानात उतरत नाही. राखीव आहे."

"किती वर्षं?"

"अकरा."

कुणी गावाचं नाव विचारावं आणि सांगावं, तसं त्याने सांगितलं. वर पुन्हा हसला. मला का कोण जाणे, भयंकर राग आला. अकरा वर्षं बाकावर बसून माणूस हसतो कसा? मी त्याची जर्सी त्याच्या हातात कोंबली.

"शनिवारी या. आणि मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका."

तो पायरी उतरला, थांबला, मान वर करून दुकानाची पाटी वाचली. "बरं... येतो, जयश्री," म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी मी दोन बाह्या उलट्या जोडल्या.

मला तो माहीत नव्हता, कारण मी सुरतेत नवीच होते. आई आजारी म्हणून आठ वर्षं गावी अमळनेरकडे राहिले, ती गेल्यावर दिवाळीनंतर आप्पांकडे आले. आप्पा, म्हणजे माझे वडील काशिनाथ, तीस वर्षं लूमवर उभे राहिले आणि आता कबड्डी मंडळाचे कोच म्हणून मिरवतात. रात्री भाकरी वाढताना मी त्यांना विचारलं, "तुमचा तो बारा नंबर अकरा वर्षं करतो तरी काय?"

"भूपेंद्र?" आप्पांचा चेहरा खुलला. "त्येनासारखा भरवशाना माणूस नही टीममा."

मग कळलं भरवसा कसला ते. टीममधली बहुतेक मुलं कडोदऱ्याच्या एकाच लूमच्या कारखान्यात. लूमला रविवार कळत नाही. सामन्याच्या दिवशी कुणाची पाळी आली, की भूपेंद्र आपली पाळी संपवून त्याच्या जागी उभा राहणार. याला बदली भरणं म्हणतात. ज्या दिवशी कुणाची बदली नसेल, त्या दिवशी तो मैदानात येऊन बाकावर बसणार. म्हणजे इतर खेळणार, आणि हा एक तर त्यांचे लूम चालवणार, नाहीतर त्यांचे टॉवेल धरणार.

"आणि त्याला हे चालतं?"

"तो कधी काही बोलना नही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

आप्पांनी भाकरी मोडली. 

त्यानंतर आठ दिवसांनी गंमत झाली. खान्देशी मंडळांची स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्याच सामन्यात राहुलचा घोटा मुरगळला. राहुल म्हणजे टीमचा हिरो, बावीस वर्षांचा, चढाईला निघाला की पोरं शिट्ट्या मारतात. आप्पांनी बाकाकडे पाहिलं. त्या दिवशी नेमकी कुणाची बदली नव्हती.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. भूपेंद्र उठला, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि चढाईला गेला. राहुलसारखी उडी नाही, घाई नाही. आरामात गेला, बोनसचा गुण घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा बोनस. तिसऱ्यांदा दोन गडी मारून आला. मागे कुणीतरी ओरडलं, "अरे, हा म्हातारा होता कुठे इतके दिवस?" मी मागे वळून त्याच्याकडे असं काही पाहिलं की बिचारा गप्प बसला.

सोमवारी सकाळी मी कुलूप काढत होते, तर हा पायरीवर.

"फाटली!" हातातली जर्सी त्याने झेंड्यासारखी वर धरली. लहान मुलाला पहिला दात पडल्यावर होतो, तसा आनंद त्याच्या चेहऱ्यावर.

"नीट खेळता येत नाही का?" मी म्हणाले. पण हसू काही आवरलं नाही.

दुसरा सामना, पुन्हा फाटली. तिसरा, उपांत्य सामना उधन्याच्या मंडळाबरोबर, आणि पाठीवर ही एवढी चीर. प्रत्येक वेळी तो स्टुलावर बसायचा, मी शिवायचे. मशीन मुद्दाम हळू चालवायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

"तुम्हाला कसं कळतं हो, कोण कधी पकडणार ते?"

"अकरा वर्षं पाहतोय ना सगळ्यांना. उधन्याचा तो डाव्या कोपऱ्यातला गडी आहे ना, तो झडप घालायच्या आधी जीभ बाहेर काढतो."

"खरंच?"

"दरवेळी. आणि तुम्ही चिडायच्या आधी दोरा दाताने तोडता."

माझ्या दातात दोराच होता. मी तो कात्रीने कापला. "एवढं बघायला सांगितलंय कुणी?"

"बाकावरच्या माणसाला दुसरं काम काय असतं?"

सगळीकडे मात्र एकच प्रश्न चालला होता. चहाच्या टपरीवर, पानाच्या गादीवर, अगदी माझ्या दुकानात बाही मापायला आलेल्या बायकांच्या तोंडी. टिकेल का हो हे? पस्तीस वर्षांचा माणूस, गुडघ्यावर पट्टी बांधून खेळतो, किती दिवस टिकणार? अकरा वर्षं एकानेही त्याचं नाव काढलं नव्हतं. आता तीन सामने काय जिंकून दिले, तर सगळ्यांना त्याच्या गुडघ्याची काळजी! माझ्या हातातल्या टाचण्या त्या बायकांना टोचल्या असतील, तर त्या चुकून टोचलेल्या नव्हत्या.

जर्सीला शेवटची टीप मारून मी मशीन थांबवलं. "दर सोमवारी येता. स्टुलावर बसता. काय विचारायचंय ते एकदा विचारून टाका ना."

तो लाल झाला. खरंच, कानापर्यंत. मग जर्सीवरच्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. "कापड जुनं झालंय, जयश्री. कुठे कुठे टाचणार? आज लोक खांद्यावर घेतायत... उद्या मी पुन्हा बदलीवर. तुम्हाला वाटत असेल, हा कुणी मोठा खेळाडू आहे—"

"थांबा." माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "तुम्ही बाकावर होतात, ही जर्सी फाटलेली नव्हती, त्या दिवशीच मी तुमच्यावर चिडले होते. मी उगाच कुणावरही चिडत नाही."

त्याने जर्सी खाली ठेवली. काहीतरी बोलणार होता... तेवढ्यात बाही परत आणणारी ती बाई चौथ्यांदा आली. तिला मी आयुष्यात माफ करणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. मला वाटलं, विचारायला आला. मी स्वयंपाकघरात केसही सारखे केले. पण त्याने हातातली पिशवी आप्पांसमोर ठेवली. आत त्याची जर्सी होती, धुतलेली, इस्त्री केलेली.

"राहुलला एक जास्तीची लागेल," तो म्हणाला. "रविवारी त्याच्या लूमवर मी जातो. काळजी नको."

"कशाची काळजी नको?" मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

आप्पांनी नजर चुकवली. "राहुलना घोटा आते बरा शे. बारडोलीले फायनलले राहुलच उतरी. त्येनी पाळी शे रविवारी, मग भूपेंद्र—"

"मग भूपेंद्र बदलीवर. नेहमीसारखा."

"पस्तीस वर्षना व्हयना तो, जयू. कितला दिन टिकी?"

झालं. तोच प्रश्न, आणि माझ्याच घरात. माझ्या हातात उलथणं होतं, ते मी खाली ठेवलं, नाहीतर काय केलं असतं सांगता येत नाही.

"नाही टिकणार! मान्य! पुढच्या वर्षी गुडघा जाईल, पुढच्या महिन्यात जाईल. पण रविवार परवा आहे, आप्पा. परवापर्यंत तर टिकेल ना? तुम्हाला इथपर्यंत आणलं कुणी? अकरा वर्षं हा सगळ्यांची बदली भरतोय. याची एक दिवस कुणी भरली?"

"जयश्री, जाऊ दे," भूपेंद्र पुटपुटला.

"तुम्ही तर बोलूच नका!" मी त्याच्याकडे वळले. "तुमचाच राग सगळ्यात जास्त आलाय मला. कुणी मागायच्या आधी जागा सोडून मोकळे! मी आठ वर्षं आईच्या उशाशी बसले, ते मला कुणी विचारून बसवलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. आई होती ती. पण त्यानंतर मी ठरवलं, आता आपल्या वाट्याचं जे येईल ते हसत हसत परत करायचं नाही. आणि तुम्ही इस्त्री करून परत करता?"

शेवटी मला रडू फुटलं. मला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, म्हणून मी आणखी चिडले. ती पिशवी उचलून त्याच्या छातीवर आपटली.

 आप्पा आपल्या हातांकडे पाहत बसले. तीस वर्षांत त्या बोटांना धाग्याने पडलेले कापे अजून आहेत.

"लूम बंद पडी गया त शेठ राहुलले काढी टाकी," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"मग काय... मी जासू."

"आप्पा, तुम्ही?" भूपेंद्र उभाच राहिला. "फायनलला कोच नको?"

"बारा लूम चालाडेल शेत मी. इसरनू नही अजून." त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "ती घाल आन खेळ. पहिल्यापासून उतर. राहुल बसी बाकावर. तुना गुडघा गया त तो पाहिजे."

बारडोलीला साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा गोडसर, उग्र वास येत होता. मैदानाच्या कडेला उसाने भरलेले ट्रक उभे होते आणि त्यांच्यावर चढून पोरं सामना बघत होती. आप्पा नव्हते. ते कडोदऱ्याला राहुलच्या लूमवर उभे होते.

भूपेंद्र खेळला. कसा खेळला म्हणून सांगू! त्याची प्रत्येक चढाई मी टाचा उंचावून पाहिली. मध्यंतराला आम्ही पाच गुणांनी पुढे. दुसऱ्या डावात पुन्हा तेच, शांतपणे जायचं, शांतपणे परत यायचं. एकदा परत येताना त्याने घोळक्यात मला शोधलं आणि गळ्याजवळचा टाका दाखवला. बघ, टिकलाय! आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

चार मिनिटं उरली होती. तो मध्यरेषेकडे झेपावला, तिघांनी त्याला कमरेला धरलं. जर्सी गळ्यापासून पोटापर्यंत टर्रकन फाटली. माझी शिवण शाबूत होती, कापड तिच्या शेजारून गेलं. आणि गुडघा मुडपला... मला तो आवाज ऐकू आला नाही, पण त्याचा चेहरा दिसला.

राहुल आत गेला. शेवटच्या चढाईत त्याने दोन गुण आणले आणि कप आमचा झाला. पोरांनी राहुलला खांद्यावर घेतलं. ढोल, गुलाल, राहुल, राहुल! त्या पोराचाही काही दोष नव्हता, पण मला प्रत्येकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

भूपेंद्र बाकावर एकटा होता. रसाच्या गाडीवरून आणलेला बर्फ फडक्यात बांधून त्याने गुडघ्यावर धरला होता. आणि हसत होता... तोच, पहिल्या दिवशीचा हसरा चेहरा.

मी दोरीखालून वाकले आणि सरळ मैदानातून चालत निघाले. अख्खं लिंबायत बघत होतं. बघू दे.

"नाही टिकलं," मी समोर उभी राहिल्यावर तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणतील माहीत आहे मला. आता मी बाकावरसुद्धा नसेन."

"मग रविवारी घरी असशील."

त्याने बर्फ बाकावर ठेवला. "जयश्री... बारा नंबरची बायको म्हणतील तुला."

"हे विचारणं झालं की सांगणं?"

"विचारतोय." त्याने मान वर केली. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "अकरा वर्षांत काही मागितलं नाही कुणाकडे. तुला मागतोय."

माझा फोन वाजला. आप्पा. मागे लूमचा इतका खडखडाट की ते ओरडतच होते. "भूपेंद्र खेळना का?"

"खेळला! शेवटची चार मिनिटं सोडून!"

 "बरं," ते म्हणाले. कप कुणाचा, हे त्यांनी विचारलंच नाही. "ठेवस आते. धागा तुटी गया."

मी फोन कमरेला खोचला. बाक तसा अरुंद होता, आणि भूपेंद्रने सवयीने पाय लांब करून तो पुरता अडवला होता. अकरा वर्षं एकट्याने बसायची सवय!

"सरक," मी म्हणाले.

तो सरकला.