जमिनीला टेकेपर्यंत

सोमवारी दुपारी तो बुटांवरचा बर्फ झटकत खानावळीत शिरला आणि सगळ्यांचे चमचे वाटीतच थांबले.

ग्रीन बेमध्ये त्याला कोण ओळखणार नाही? कालच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पंच असलेल्या ह्या ओवेन ट्रास्कने शेवटच्या मिनिटाला, अगदी गोलरेषेच्या आत, गावच्या खेळाडूचा झेल नाकारला होता. गुण द्यायचा तर पंच दोन्ही हात सरळ वर करतात; ह्याने ते आडवे हलवले. गाव हरलं होतं. बर्फामुळे विमानं अडकली, म्हणून बिचारा अजून इथेच.

"कॉरिन, पंचांना आपल्याकडे बूया मिळत नाही," गल्ल्यावरून वडिलांनी वाढणाऱ्या मुलीला बजावलं.

"मी वाढते, बाबा," म्हणत कॉरिनने बूयाची, म्हणजे कोंबडीच्या दाट रश्श्याची, वाटी त्याच्यापुढे ठेवली.

"तुम्ही नाही चिडलात?" त्याने हळूच विचारलं.

"सोळा वेळा चिडले. टीव्हीवर सावकाश फिरवून सतराव्यांदा पाहिलं, तेव्हा... चेंडू हलला."

खेळाडू पडला, चेंडू जमिनीला लागला आणि बोटभर सुटला. जमिनीला टेकल्यावरही हातात राहील तो झेल, नाहीतर नाही. सत्तर हजार माणसं बोंबलत असताना ह्या माणसाने ते एका नजरेत टिपलं होतं. खरं सांगायचं तर कॉरिन तेव्हाच कामातून गेली होती.

"गावात हे कबूल करणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो हसला. डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या पडल्या.

"नेहमीच इतकं थांबून बघता?"

"पूर्ण झाल्याशिवाय खूण करायची नाही... सवयच लागलीय."

"मग अवघड आहे तुमचं."

तासाभरात त्याने तीन वाट्या रिचवल्या, भूक नसताना. तेवढ्यात फोन वाजला. विमान सुटणार होतं. तो उठला, टोपी हातात फिरवत राहिला.

"बरं... येतो."

बोल की, मेल्या, तिच्या मनात आलं. आत्ता गेला की हा पुन्हा कशाला येतोय ह्या गावात! पण तो गेलाच. टेबलावर हातमोजे विसरून.

ते उचलून ती तशीच मागे धावली. पायरीवर बर्फ गोठला होता. पाय सटकला आणि ओवेनने वळून तिला झेललं. दोघंही धाडकन बर्फात पडले. टोपी उडाली, हातमोजे उडाले. त्याचे हात मात्र तिच्याभोवती तसेच घट्ट.

"टेकलो जमिनीला," ती धापा टाकत म्हणाली. "आता?"

"सोडलं नाही मी," तो म्हणाला. "सोडायचं नाहीये मला... कॉरिन, पुढच्या शनिवारी येऊ?"

"ये. मग दे ना निकाल."

"त्यासाठी दोन्ही हात वर करावे लागतील."

"खबरदार सोडलंस तर."

काचेला नाकं लावून अख्खी खानावळ बघत होती. दारात बाबा उभे होते, कालपासून फुगलेले. त्यांनी दोघांकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग सुस्कारा सोडून त्यांनी स्वतःचेच दोन्ही हात सरळ वर केले.