प्रतिगावातली रिकामी जागा

केळवणीच्या सामुदायिक आरोग्य संशोधन केंद्रात त्या सकाळी पाड्यांवरच्या आरोग्यसेविका हौसाताई भोयेंना खुर्ची दिली, चहा दिला आणि मग गोड बोलून खोटारडं ठरवलं.

"राग मानू नका, ताई," केंद्राचा गणिती सौमित्र लिमकर म्हणाला, "पण तुमचं रजिस्टर जुळत नाही."

समोरच्या भिंतीवर प्रतिगाव, म्हणजे संगणकातलं हुबेहूब गाव, उजळलं होतं. अठ्ठेचाळीस पाड्यांतला प्रत्येक माणूस त्यात आकड्यांच्या रूपात नांदत होता: त्याचं वय, जेवण, पिण्याचं पाणी, कोण कुणाच्या ओट्यावर बसतं, सगळं. हगवण कुठे आणि किती जणांना होणार हे यंत्र आधीच सांगे, आणि ते खरं ठरे. एक्केचाळीस पाड्यांत यंदाही ठरलं. हौसाताईंच्या सात पाड्यांत मात्र यंत्राने सांगितले होते दोनशे बारा, आणि रजिस्टरात होते एकोणीस.

"म्हणजे मी घरी बसून आकडे भरते?" हौसाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सव्वीस वर्षं ह्या पायांनी डोंगर तुडवलेत, साहेब. तुमच्या यंत्राने एक तरी चढण चढलीय का?"

"तसं नाही हो. पण ही रजिस्टरं बाद करावी लागली, तर..."

"तर माझी सव्वीस वर्षं बाद!" डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्यांना संताप आला.

संचालक डॉ. शाहीन मुजावर यांनी रजिस्टर पुढे ओढलं. "बाद कशाला? तपासू या," त्या म्हणाल्या. बाई म्हणजे खरंच सोनं! दुसऱ्याच दिवशी डोक्याला टॉवेल गुंडाळून त्या स्वतः पाड्यांवर निघाल्या आणि मागून सौरटेम्पोत फिरती प्रयोगशाळा. शहरातल्या बड्या इस्पितळात होते ती तपासणी समाजमंदिराच्या ओट्यावर झाली. लोकांनी कुरकुर न करता नमुने दिले, कारण समजावून सांगायला हौसाताई होत्या.

आठवड्याने शाहीनबाईंनी निकाल सांगितला. "रजिस्टर खरं आहे. पोरांच्या आतड्यांत एक निरुपद्रवी जंतू ठाण मांडून बसलाय. त्याला आपण राखणजंतू म्हणू. हगवणीच्या जंतूला तो जागाच देत नाही. तुमच्या पाड्यांत एकदा हगवण झालेलं पोर पुन्हा आजारी पडलेलं नाही, आणि त्याच्या घरातलंही कुणी नाही."

लिमकरचे कान लाल झाले होते. "चूक प्रतिगावाची होती, ताई. त्यात एक माणूस कमी आहे. आजारी पोराच्या प्रत्येक घरी जाणारा आणि तोंडातून तोंडात हा जंतू देणारा. असा माणूस कल्पून घातला, की दोनशे बाराचे वीस होतात. पण अकरा हजार नावांत तो सापडत नाही."

हौसाताईंनी समोरचं रजिस्टर मिटलं.

"सापडणार कसा?" त्या हळूच म्हणाल्या. "रजिस्टर लिहिणारी स्वतःचं नाव कुठे लिहिते?"

मग त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. मीठ-साखरेचं पाणी अश्रूंपेक्षा खारट नको, म्हणून ते आधी आपण चाखायचं, असं प्रशिक्षणात शिकवलेलं. वेगळ्या चमच्याने चाखायचं, हेही शिकवलेलं. "पण घरात चमचा एकच असायचा, बाई. पोर मान टाकायला लागलेलं. मी चाखायची आणि तोच चमचा त्याच्या तोंडात. चुकलंच माझं. हवं तर कामावरून काढा."

"चुकलंच," शाहीनबाई म्हणाल्या. "त्या चमच्यातून एखादा आजारही गेला असता. आजपासून ते बंद. आता हा जंतू नीट पारखून, चमच्याशिवाय, सगळ्या पाड्यांना देऊ. त्यासाठी तुमच्या थुंकीचा नमुना हवा."

त्यांनी संमतीपत्र काढलं आणि हौसाताई आजवर ओट्याओट्यांवर वाचत आल्या तसंच एकेक ओळ वाचून दाखवलं. नाही म्हणायचा हक्क आहे. मधेच सोडता येईल. "काही विचारायचंय?"

हौसाताईंना हसू फुटलं. प्रत्येक ओट्यावर लोक त्यांना एकच प्रश्न विचारत, आणि त्याचं धड उत्तर त्यांना कधी देता आलं नव्हतं. "ह्यातून आमच्या पाड्यांना काय मिळणार?"

"लिमकर, दोनशे बारातून एकोणीस गेले, किती?"

"एकशे त्र्याण्णव."

"तेवढे जण यंदा आजारी पडले नाहीत, ताई. तुमच्या पाड्यांना आधीच मिळालंय."

हौसाताईंनी पदराने डोळे पुसले आणि सही केली. लिमकरने प्रतिगावात नवं नाव टाकलं. "वय?"

"त्रेपन्न. आणि साहेब, खरं तेच लिहा हं."