दोन्ही हातांनी बंद केलेला नळ

"आधी बघ, मग हात लाव. तोंड सगळ्यात शेवटी उघड."

शिकाऊ असताना मोठ्या सिस्टरांनी दिलेली ही ताकीद नर्सबाईंना न्हाणीघराच्या दारात आठवली. संध्याकाळचे पाच वाजले होते. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. टबाच्या भोकावर शेजारच्या खोलीतल्या शिवणमावशींचं भिजत घातलेलं कापड बसलं होतं आणि वर पितळी नळ धो धो वाहत होता.

नर्सबाईंनी नळ सवयीनं डावीकडे फिरवला. हलेना. शेवटी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा कुठे सुटून बंद झाला.

खालच्या बुकबाइंडरच्या दुकानात शंभर वर्षांचं नक्षीदार छत कोसळलं होतं.

सहा खोल्या, एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर. शहराच्या जुन्या भागातलं घर. इथे कडी बदलायलाही पालिकेची परवानगी लागे, म्हणून नळही जुनाच. नवा भाडेकरू आला की पहिल्याच दिवशी त्याला नळ शिकवत. तो उलटा होता, डावीकडे बंद होणारा.

सकाळी सगळे पॅसेजमध्ये जमले.

"मावशी, रविवारपर्यंत खोली सोडा," मालकीणबाई म्हणाल्या. "आज छत पडलं, उद्या गॅस चालू राहील."

"वय झालं की व्हायचंच हो," खोल्यांना भाडेकरू आणणारा दलाल हळहळला. "यांच्या भाचीला मी कळवलंय. येईल न्यायला."

शिवणमावशी भिंतीला टेकल्या. "बेतण्याआधी कापड आटावं म्हणून भिजवलं होतं. नळ बंद केला असं वाटतंय. पण आता माझा मलाच भरवसा नाही गं."

नर्सबाईंची कानशिलं तापली. छत पुन्हा बांधता येतं. माणसाचा स्वतःवरचा भरवसा कोण बांधून देणार?

"मावशी, काल घरातून किती वाजता निघालात?"

"नऊला. माप घ्यायला."

"पाणी कधी गेलं?"

"दहाला," मालकीणबाई म्हणाल्या. "चारपर्यंत बंद. जिन्यात नोटीस होती."

नर्सबाई बुकबाइंडरकडे वळल्या. "पहिला थेंब कधी पडला?"

"चार वाजून गेल्यावर. सकाळी छत कोरडं ठणठणीत होतं."

"टब भरायला वीस मिनिटं पुरतात. नळ मावशींनी उघडा टाकला असता, तर दहाच्या आतच पाणी खाली उतरलं असतं. म्हणजे नळ फिरवला गेला तो पाणी नसताना." त्या दलालाकडे वळल्या. "काल तुम्ही आला होतात?"

"छे. काल मी या गल्लीतही नव्हतो."

"बरं. हात धुऊन घ्या जरा. बाहीला चुना लागलाय."

दलाल कुरकुरत न्हाणीघरात गेला. नळ सुरू करून त्यानं हात धुतले आणि नळ उजवीकडे वळवला. धार वाढली. त्यानं आणखी आवळला. पाणी अंगावर उडालं.

कुणी हसलं नाही.

"काल तो असाच आवळलेला होता," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त झोंबत होता. "विसरणारा माणूस नळ नुसता सोडून जातो. इतकं आवळतो तो बंद करणारा. या घरातलं कुणीही उजवीकडे आवळणार नाही. घराची किल्ली आम्हा भाडेकरूंकडे, मालकीणबाईंकडे आणि तुमच्याकडे. मालकीणबाई याच नळाखाली लहानाच्या मोठ्या झाल्या."

दलालानं बाही झटकली. "एक जोडपं खोली बघायला आलं होतं. पाण्याची चौकशी करत होतं, म्हणून नळ फिरवून पाहिला. मुद्दाम थोडंच केलं?"

"कुठली खोली?" मालकीणबाईंनी विचारलं.

त्याची नजर मावशींच्या दाराकडे गेली.

"माझी," शिवणमावशी म्हणाल्या. "माझं मशीन सरकवलेलं होतं. तेही मला माझंच विसरणं वाटलं."

"नळ चुकून राहिला, कबूल," नर्सबाई म्हणाल्या. "पण छत पडल्याचं ऐकताच तुम्हाला सगळं कळलं. तरी एका शहाण्यासुरत्या बाईला वेडं ठरवून तिच्या भाचीला निरोप धाडलात. खोली हवी होती ना?"

मालकीणबाईंनी हात पुढे केला. "किल्ली ठेवा. आणि बुकबाइंडरसमोर हे सगळं लिहून द्या. आत्ता." मग त्या मावशींकडे वळल्या, शब्द अडखळले. "मावशी, खोली तुमचीच. मी न विचारताच..."

मावशींनी मान फिरवली. माफी त्यांनी तेव्हा तरी घेतली नाही.

नर्सबाईंना त्यांनी आत बोलावलं. "भाचीला फोन नको गं. फोनवर ती माझी समजूतच घालत बसते. तिला समोर बसवून सांग, मावशीचं डोकं ठिकाणावर आहे म्हणून."

"सांगते."

ड्यूटीला दोन तास होते. नर्सबाईंनी कोरड्या चपला घातल्या, दार अलगद ओढलं आणि भाचीच्या घराची वाट धरली.