डब्याला चिठ्ठी कोण लावतं

नामांतराच्या बंदमुळे त्या दिवशी एसट्या निघाल्या नव्हत्या. म्हणून कुसुम पूर्णा स्टेशनावर परभणीच्या पॅसेंजरकडं आली. मी तिथं रेल्वेच्या डब्यांवर खलाशी होतो. साहेबांनी बिघडलेला डबा दाखवला की मी खळ लावून त्याच्यावर 'सिक'ची चिठ्ठी चिकटवायचो. मग तो डबा गाडीतून काढून बाजूच्या रुळावर नेत.

"अहो, मी यात बसणार होते," मागून आवाज आला.

"डबा आजारी हाय, मॅडम. पुढच्यात बसा."

"तुमी डॉक्टर काय?"

"न्हाई. डॉक्टर आमचे साहेब. मी नुसती चिठ्ठी लावतो."

ती हसली. चिठ्ठीकडं बघत राहिली. "आपल्या पेशीत पण असंच चालतं," ती म्हणाली. कृषी विद्यापीठात ती पिकांच्या वाढीवर संशोधन करायची. "'वाढ' असा निरोप देणारी प्रथिनं असतात. काम झालं की त्यांना चिठ्ठी लागती अन् त्यांचा चुरा होतो. मग वाढ थांबती."

"अन् चुरा न्हाई झाला तर?"

शिट्टी झाली. "उरलेलं उद्या," म्हणत ती पुढच्या डब्यात चढली.

दुसऱ्या दिवशी एसट्या सुरू झाल्या. तरी ती पॅसेंजरलाच आली.

असं रोज थोडं थोडं ती सांगायची. चुरा झाला नाही तर निरोप चालूच राहतो, पेशी वाढतच जाते, हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. एकदा भुरभुर पाऊस होता. खळ पातळ झाली, चिठ्ठी निसटायला लागली. तिनं छत्री पुढं केली.

"मी भिजायलोय, मॅडम."

"तुमी भिजा. मी चिठ्ठीवर धरलीय."

मग मी मनातलं विचारलं. "आमच्याकडं साहेब ठरवतात कोणत्या डब्याला लावायची. तुमच्या पेशीत साहेब कोण?"

"वाढीच्या निरोपाला कोण चिठ्ठी लावतं, ते अजून कुणाला सापडलं न्हाई... सापडलं की पहिल्यांदा तुमाला सांगीन."

"तवर मी कुठं असंन, काय माहीत."

तिनं माझ्या काखेतली एक चिठ्ठी ओढली, खळीत बोट बुडवलं आणि माझ्या खाकी खिशावर चिकटवली. "इथंच असाल. आता दुसऱ्या गाडीला जोडायचं न्हाई."

लांबून सटवाजी पॉइंट्समन ओरडला, "रंगनाथ, तू सिक झालास का रं?"

"झालो," मी म्हणालो.

पुढं आमचं लग्न झालं. ती विद्यापीठातून आली की मी विचारायचो, "सापडला का तुमचा साहेब?" ती चपला काढत म्हणायची, "न्हाई अजून." चहा ठेवायचं काम माझं.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. नांदेडला डॉक्टर मला हळूहळू समजावत होते. तिला आधीच समजलं होतं. परतताना गाडीत म्हणाली, "निरोप थांबंना बघा. कुठंतरी चिठ्ठी लागायची राहिली."

"मला लावता आली असती तर..."

"खळ घेऊन या," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं. मी आजवर किती डबे थांबवले. त्या दिवशी माझे हात मांडीवर तसेच पडून राहिले.

नामविस्तार झाला त्या जानेवारीच्या थोडं आधी ती गेली. त्याची वाट तिनं बघितली होती.

दोन-तीन वर्षांनी तिची पालमची विद्यार्थिनी घरी आली. चेहरा फुललेला. "काका, मॅडम शोधायच्या ना, चिठ्ठी कोण लावतं? ते सापडलं. बाहेरच्या देशात. एकटं कुणी न्हाई, बरीच प्रथिनं मिळून लावतात. त्याला नाव पण दिलंय. सांगू?"

मी चहा ठेवला होता. सवयीनं दारातल्या चपलांकडं बघितलं. तिथं त्या पोरीच्याच होत्या.

"राहू दे, बाई," मी म्हणालो. "उरलेलं उद्या."