विहिरीच्या फोटोवरचा कागद

गेल्या मे महिन्यात मी लासुर्ण्याच्या स्टॉपवरून बारामतीची एसटी धरली, तेव्हा माझ्या मांडीवर दोन पुठ्ठ्यांत बांधलेला एक जुना फोटो होता. आमच्या गावच्या वाचनालयाचं सगळं काम मीच बघते. जुनी पुस्तकं, कागद आणि फोटो कसे जपायचे, याचं सहा दिवसांचं प्रशिक्षण बारामतीत होतं. येताना संग्रहातली एक खराब झालेली वस्तू आणा, असं त्यांनी कळवलं होतं.

मी विहिरीचा फोटो घेतला. अठ्ठावन्न साली गावात नवी विहीर झाली, त्या दिवशीचा. दगडी कठड्याला टेकून आठ जण ओळीनं उभे. सगळ्यात डावीकडे अप्पा, आज गावातले सगळ्यात वडीलधारे, तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेले; त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले त्यांचे वडील. फोटोच्या उजव्या कडेला तळहाताएवढा खाकी कागद चिकटवलेला होता. तिथं फोटो फाटला असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

शिकवायला पुण्याहून विनया मॅडम आल्या होत्या. खोलीच्या खिडक्या बंद, पंखे बंद. वाऱ्यानं जुन्या कागदाचे तुकडे उडतात म्हणून. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन. फोटोवर घाम गळू नये म्हणून आम्ही कपाळाला रुमाल बांधून बसायचो.

मॅडमनी फोटो उजेडात धरला. "इथं फाटलेलं नाही. कुणीतरी खळ लावून मुद्दाम झाकलंय. काढता येईल, पण आधी वाचनालयाची परवानगी घे."

वाचनालयाचा अध्यक्ष अविराज, अप्पांचा नातू. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "काढा की ताई, विचारायचं काय त्यात?"

दहा मिनिटांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. आवाज मात्र अप्पांचा होता.

"पोरी, त्यो कागद तसाच ऱ्हाऊ दे."

"का, अप्पा?"

"त्याच्याखाली कुणी न्हाय," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

आमचं घर त्या विहिरीपासून सगळ्यात लांब. का लांब, ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. अप्पांचा शब्द गावात आजही मोडत नाहीत. पण 'कुणी न्हाय' हे ऐकून माझ्या आत काहीतरी ताठ झालं. परवानगी अध्यक्षाची लागते. ती मिळाली होती.

दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा मी एकटीच थांबले. टिपकागदाच्या ओल्या पट्ट्या त्या कागदावर ठेवल्या आणि खळ भिजायची वाट बघत बसले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात वास आला... शेवाळाचा, गार दगडाचा. खोल विहिरीत वाकून बघितल्यावर येतो ना, तसा. मग टपकन आवाज झाला. थोड्या वेळानं आणखी एक. मी नळ बघून आले. तो कोरडा होता.

पातळ पातीनं कागद उचलला. तो सहज निघून आला, जणू वाटच बघत होता.

खाली एक बाई उभी होती. विशीतली असेल. नऊवारी, कपाळ मोकळं, कमरेवर भरलेली घागर. बाकी आठ जण कॅमेऱ्याकडे बघत होते. ती त्या आठ जणांकडे बघत होती. हनुवटी वर.

मॅडम आल्या. आडवा उजेड पाडून त्यांनी तो कोपरा निरखला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तेजश्री... इथं ब्लेडच्या खुणा आहेत. चित्र ज्या थरावर उमटतं, तो थरच खरवडून काढलाय. इथं कोरा कागद दिसायला हवा. मग ही कशावर दिसतेय?"

आम्ही फोटो टिपकागदांमध्ये दाबून वाळवायला ठेवला. सकाळी टिपकागद चिंब होते. बदलले. संध्याकाळी पुन्हा चिंब. त्या उन्हात माझी ओढणी पाच मिनिटांत वाळत होती.

शेवटच्या दिवशी सगळे पांगले. सहाच्या सुमाराला मी सामान आवरत होते, तेव्हा दारात गाडी थांबली. अविराजचा हात धरून अप्पा आत आले. ब्याऐंशी वर्षांचं शरीर, पण नजर सरळ टेबलाकडे गेली.

"चिकटव त्यो कागद."

"नाही, अप्पा."

अविराज मध्ये पडला. "ताई, कशाला वाढवताय? चिकटवा, न्हायतर उद्यापासनं वाचनालयात येऊ नका."

"नाही येणार. पण कागद लागणार नाही."

टपकन आवाज झाला... या खेपेला टेबलाखाली. अप्पांनी खाली बघितलं नाही. ते खुर्चीत बसले.

"म्याच खरवडलं," ते म्हणाले. "वडलांनी ब्लेड दिलं हातात. दोनदा खरवडली. दोन्ही डाव परत उमटली... मंग कागद लावला."

"कोण होती ती?"

"तुमच्यातली. दीक्षा घ्येऊन दोन वर्सं झाली व्हती. उद्घाटन चालू असताना सरळ आली आन् घागर भरली. सगळ्यांसमोर. वडील म्हणालं, वत ती. तिनं वतली न्हाय... डोळं बी खाली केलं न्हाईत." त्यांचा आवाज खोल गेला. "तिसऱ्या दिशी त्याच हिरीत..."

"पडली?"

अप्पांनी नजर फोटोवरून काढली.

"पडली का, अप्पा?"

त्यांनी हळूच मान हलवली. नाही. अविराजनं धरलेला त्यांचा हात सोडला.

मी फोटोच्या स्थितीची नोंद करायचा तक्ता पुढं ओढला आणि पेन उघडलं. "नाव सांगा."

"गावात त्ये नाव कुणी घेत न्हाय."

"तुम्ही घ्या. तुम्हीच घ्या."

टपटप चालूच होती. मग अप्पांच्या ओठांतून ते नाव बाहेर आलं. "नकोशी."

मी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. टपटप थांबली. हात लावून बघितलं, तर टिपकागद खडखडीत कोरडे होते.

फोटो मी वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लावला. खाली नऊ नावं लिहिली, पहिलं तिचं. मला कामावरून कुणी काढलं नाही. फोटो उतरवायचीही गोष्ट निघाली. पण त्याला हात लावायला कुणीच पुढं आलं नाही.

शिकवल्याप्रमाणे दर महिन्याला मी भिंगातून फोटो तपासते. ती तशीच आहे, स्वच्छ, ठसठशीत. दिवाळीनंतर अप्पांच्या वडिलांचा चेहरा फिकट व्हायला लागला. ओल नाही, बुरशी नाही, ओरखडा नाही; थर जिथल्या तिथं आहे. आधी डोळे गेले, मग तोंड. आता फेट्याखाली नुसता पांढरा कागद आहे. त्यानंतर शेजारचा. मग त्याच्या पलीकडचा. आतापर्यंत सहा झाले.

अप्पा रोज सकाळी काठी टेकत येतात, फोटोच्या डाव्या टोकाशी, स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभे राहतात आणि घरी जातात. काल मात्र ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "जरा भिंग दे."

मी दिलं.