शेवटचा घास उरला तर

भाषेच्या प्रयोगशाळेचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा तिला वाटलं, चला, चाचणीसाठी एक तरी माणूस उगवला. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर फिल्म लावली. एक मुलगी सफरचंद खाते, शेवटचा घास तेवढा बशीत ठेवून उठते.

"हिनं सफरचंद खाल्लं का?" तिनं इंग्रजीत विचारलं.

तो जरा घुटमळला. "इंग्रजीत… हो म्हणेन. स्पॅनिशमध्ये अडखळेन."

मग उलगडा झाला. हा दुभाष्या होता, तिच्या प्रयोगाची स्पॅनिश वाक्यं तपासून द्यायला आलेला. ती कानापर्यंत लाल झाली. तो गालात हसला.

एखादं काम पुरं झालं की नाही, हे क्रियापदाच्या अर्थातच किती दडलेलं असतं, ते ती शोधत होती. 'दार बंद केलं' म्हटलं की फट राहून चालत नाही. 'चित्र रंगवलं' म्हटलं, तर एखादा कोपरा कोरा राहिला तरी लोक चालवून घेतात. त्यानं तिला सांगितलं, की स्पॅनिशमध्ये खाण्याच्या क्रियापदाला एक चिमुकला शब्द चिकटला, की बशी रिकामीच व्हायला हवी. म्हणजे आपलं 'खाऊन टाकलं', ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

खरं तर ते काम आठवड्याभराचं. पण कधी त्याला एखादा शब्द खटकायचा, कधी तिला… काम लांबत जायचं, चहा निवून जायचा. वाक्यं तपासताय की एकमेकांना, असं तिच्या ताईनं एकदा विचारलंच. तिनं विषय बदलला.

आणि एक दिवस त्यानं मान खाली घालून सांगितलं, की समुद्रापलीकडच्या एका रुग्णालयात वर्षभराचं काम मिळालंय. आजारी माणसाचं दुखणं डॉक्टरांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचवायचं. बोलता बोलता त्याचे डोळे चमकले. 'जाऊ नका' अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि छान झालं म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तो निरोप घ्यायला आला. बाहेर दिवे लागत होते.

"तुझ्यात जीव गुंतलाय माझा," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "जाता जाता सांगू नये असं… पण राहवत नाही. वाट बघशील?"

तिचे डोळे भरून आले, पण तिनं नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा उतरला.

"वाट बघणं मला जमायचं नाही," ती म्हणाली. "कितीही बघितली तरी ती पुरी होत नाही. त्या क्रियापदाला शेवटच नसतो." तिनं त्याचा हात हातात घेतला. "मी येते. सुट्टी लागली की येते. आले म्हणजे आलेच… त्यात अर्धंमुर्धं काही नसतं."

सुट्टी लागली आणि ती खरंच गेली. रुग्णालयाच्या दारात तो एका म्हाताऱ्या बाईंना त्यांची औषधं समजावत उभा होता. ती बाजूला थांबली, त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग पुढे झाली.